राजाच्या वाटेवर, राजा नसताना

अनंत चतुर्दशीच्या सकाळी लालबागचा राजा मंडपातून निघतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गिरगाव चौपाटीला पोचतो. मार्ग ठरलेला आहे. लालबाग, साने गुरुजी मार्ग, भायखळा स्टेशन, क्लेअर रोड, नागपाडा, डंकन रोड, दो टाकी, कुंभारवाडा, सुतार गल्ली, माधवबाग, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाऊस. लालबाग-परळच्या पोरांना ही नावं पाढ्यासारखी पाठ असतात. यादीचा मधला भाग सावकाश वाचावा. भायखळा स्टेशनपासून कुंभारवाड्याच्या तोंडापर्यंत राजा जातो तो मुंबईच्या सगळ्यात दाट मुस्लिम वस्तीतून. मंडळ १९३४ सालचं. म्हणजे तीन-चार पिढ्या लाखो लालबागकर या रस्त्यावरून चालत गेले आहेत. नागपाड्याला, दो टाकीला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रहिवाशांच्या हातचं पाणी-सरबतही प्यायले आहेत. पण त्या रात्री सगळ्यांचे डोळे राजाकडे असतात. एरवीच्या दिवशी क्लेअर रोडवर उतरून चहा प्यालेला लालबागकर शोधावा लागेल.

माझं माहेर गिरगावचं, सासर लालबागचं. या दोन टोकांमध्ये मी आयुष्यभर ये-जा केली, ती टॅक्सीने, बसने आणि २००२ नंतर जे. जे. उड्डाणपुलावरून. तो पूल सुमारे अडीच किलोमीटरचा आहे आणि मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार वगैरे सगळं आपल्या खालून काढून देतो. खिडकीतून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचे सज्जे, वाळत घातलेले कपडे आणि मिनारांचे वरचे भाग दिसतात. या पुलाचं अधिकृत नाव ‘कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल’ असं आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात माहीमला राहिलेला, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा कोकणी सूफी पंडित. आपण मुस्लिम वस्ती टाळण्यासाठी वापरतो त्या पुलाला त्याचं नाव असावं, यातली गंमत नाव देणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी.

एकटीने पाठीवर सॅक टाकून मुस्लिम मुलखात हिंडायचं, हा विचार मूळचा काश्मीरचा होता. मराठी माणूस काश्मीरला जातो तो सहल कंपनीबरोबर. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, जेवायला वरण-भात आणि प्रवासात चकली-चिवडा. दल सरोवरातले शिकारेवाले आता ‘या ताई, बसा ताई’ म्हणतात, इतकं हे गणित पक्कं झालं आहे. मला तसं जायचं नव्हतं. मीना प्रभूंनी इराण, तुर्कस्तान, इजिप्त एकटीने पालथे घातले आणि ‘गाथा इराणी’, ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ लिहिली. ती पुस्तकं वाचून आमच्या पिढीतल्या अनेकींनी मनातल्या मनात सॅक भरली आणि पुन्हा कपाटावर ठेवली. मीही त्यांतलीच. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर घरात काश्मीरचा शब्द काढायची सोय उरली नाही. सॅक मात्र या वेळी भरलेलीच राहिली. मग मी ती घेऊन राजाच्या वाटेवर निघाले, उलट दिशेने, चौपाटीकडून लालबागकडे. पाऊस सरल्यावरच्या साध्या, मधल्या वारांना.

नेम एवढाच केला की झोपायचं, जेवायचं तिथेच; ओळखीतल्या कोणाचा फोन नंबर वापरायचा नाही; आणि रमजान टाळायचा. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत बोरिवलीपासूनची गर्दी मालपुवा खायला येते, प्रत्येक कढईवर चार मोबाईल रोखलेले असतात. ते खाद्यप्रदर्शन झालं. मला तिथला साधा मंगळवार बघायचा होता.

पहिली अडचण अशी आली जी मला इस्तंबूलमध्ये आली नसती. खोली मिळेना. मोहम्मद अली रोडच्या आसपास लॉज पुष्कळ आहेत. जे. जे.त दाखल असलेल्या पेशंटचे नातेवाईक, गल्फच्या नोकरीसाठी मुलाखतीला आलेली उत्तरेकडची पोरं, सुरत-मालेगावचे व्यापारी असे लोक तिथे उतरतात. मी आधार कार्ड पुढे केलं की मॅनेजर पत्ता वाचायचा आणि कार्ड परत सरकवायचा. “लोकल आयडी नहीं चलेगा, मॅडम.” मला आधी वाटलं, कारण धर्माचं किंवा एकट्या बाईचं असेल. तसं नव्हतं. मुंबईच्या पत्त्याचं गिऱ्हाईक म्हणजे काहीतरी भानगड, पोलिसांची कटकट, असा शहरभरच्या लॉजवाल्यांचा हिशेब आहे. लालबागची बाई पायधुणीत खोली कशाला मागेल, याचं पटेल असं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या मालकाने सॅककडे पाहून विचारलं, “घर में झगडा हुआ क्या?” मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण खोली दिली, आणि रात्री जेवणाचं विचारायला माणूस पाठवला.

एकट्या मुसाफिराची या भागाला सवय आहे, आणि ती फार जुनी आहे. मुंबई हे हजचं बंदर होतं. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्यावर बुखारा, काबूल, काशगरकडून माणसं महिनोन्महिने चालत, मिळेल त्या वाहनाने मुंबईत येत, बोटीची वाट पाहत इथल्या मुसाफिरखान्यांत पडून राहत आणि मग जेद्दाला जात. खांद्यावर बोचकं, कमरेला पैशांची थैली आणि तोंडओळखीपुरती भाषा, इतकंच सामान. दलाल त्यांना इतके लुबाडत की सरकारने १८८६ साली हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. कंपनीला ते परवडलं नाही आणि काही वर्षांत तिने अंग काढून घेतलं. बोटीने हजला जाणं थांबलं ते थेट १९९५ला. क्रॉफर्ड मार्केटजवळची ‘मुसाफिरखाना’ ही ओळख मात्र अजून पत्त्यात आहे. आज तिथे इलेक्ट्रॉनिक्सची घाऊक दुकानं आहेत आणि मोबाईलचे चार्जर किलोवर विकावेत तसे विकले जातात.

सी. पी. टँकला मी राजाचा मार्ग सोडला आणि भुलेश्वरमधून शेख मेमन स्ट्रीटला उतरले. झवेरी बाजार आणि मंगलदास मार्केट यांच्यामध्ये जुम्मा मशीद आहे. ही मशीद एका पुरातन तलावावर उभी आहे. पाण्यातून काळ्या दगडी कमानी उठतात आणि त्यांच्यावर मशिदीचं बांधकाम येतं. दाराशी विचारलं, नमाजाची वेळ टाळून हौदापर्यंत यायला परवानगी मिळाली. पाण्यात मासे होते. वजू करायला उतरलेले दोन म्हातारे पायऱ्यांवर बसून चक्क मराठीत भांडत होते, विषय दापोलीकडच्या जमिनीच्या सातबाऱ्याचा.

त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. ही मशीद १८०२ला पुरी झाली आणि तिच्या कारभारावर सुरुवातीपासून कोकणी मुसलमानांचा हात राहिला. मुहम्मद अली रोगे हा नाखवा-व्यापारी त्यांतला मोठा आश्रयदाता. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरून आलेली ही दर्यावर्दी माणसं मुंबईतल्या सगळ्यात जुन्या मुसलमानांपैकी, आणि घरात बोलतात ती कोकणी मराठी. १९६६च्या एप्रिलमध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढणारे हमीद दलवाई याच समाजातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. संध्याकाळी एका गल्लीत एका कोकणी बाईंनी मला सांदणं खायला घातली. त्यांच्या जिन्यात मी पत्ता विचारला, एवढीच ओळख. “तुमच्याकडं फणसाची करतात नव्हं? आमच्यांत नारळाच्या दुधातली.” मग त्यांनी तक्रार केली की शेजारच्या मेमन बाईला स्वयंपाकात खोबरं म्हणजे काय ते कळतच नाही आणि वरच्या मजल्यावरचे यूपीवाले रात्री दोनपर्यंत जागतात.

ही तक्रार मला मोलाची वाटली. गिरगावातून पाहिलं की पायधुणीच्या पलीकडचं सगळं एकसारखं दिसतं, ‘मुस्लिम एरिया’. आत एक दिवस काढला तर कळतं की इथे पाच-सात मुलूख एकमेकांना पाठ लावून बसलेत. कच्छी मेमन कापडात आणि लाकडात. बोहरी हार्डवेअरमध्ये. खोजे मध्येच दुभंगलेले. मूळचे हिंदुस्थानी जुलाहे मदनपुऱ्यात. इराणी डोंगरीच्या कडेला. प्रत्येकाची मशीद किंवा जमातखाना वेगळा, दफनभूमी वेगळी, लग्नाचं जेवण वेगळं, आणि एकमेकांविषयीची मतं जहाल. आमच्या चाळीत देशस्थ-कोकणस्थांनी एकमेकांचं काढावं त्याच सुरात.

खोज्यांची गोष्ट तर मुंबईच्या कोर्टातच घडली. इराणातून आलेले पहिले आगाखान, हसन अली शाह, १८४०च्या दशकात मुंबईत आले. जमातीच्या मालमत्तेवर आणि श्रद्धेवर हक्क कोणाचा, हा दावा हायकोर्टात गेला आणि १८६६ला न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांना तो रुचला नाही ते हळूहळू वेगळे झाले. आज डोंगरीत खोजा इस्नाअशरी मशीद आणि इस्माइली जमातखाना थोड्याशा अंतरावर आहेत आणि तिथून जाणाऱ्या पोरांना या खटल्याचा पत्ता नाही.

डोंगरीत मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इमामवाडा रोडवर. मुघल मशीद मुघलांची नाही. हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती १८६०ला बांधली. घुमट नाही, दोन मिनार, आणि दर्शनी भागावर निळ्या फरशांची अशी कारागिरी की त्या रस्त्यावरची धूळ, हातगाड्या आणि केबलच्या वायरी यांच्यातून ती अचानक डोळ्यांत भरते. आत हौद आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. अशी एक वास्तू पाहण्यासाठी माणसं इस्फहानची तिकिटं काढतात. माझ्या माहेरापासून ती चालत अर्ध्या तासावर आहे आणि मी ती पन्नाशी जवळ आल्यावर पाहिली. मुंबईच्या इराणी हॉटेलांपैकी पुष्कळशी झरतुष्ट्री इराण्यांची होती, पण मुस्लिम इराण्यांचीही होती, आणि त्यांची मुळं याच रस्त्याभोवतीची. दादर, परळ, लालबागच्या नाक्यांवर ज्या संगमरवरी टेबलांवर गिरणगावाने बनमस्का खाल्ला त्यांचे काही मालक मोहरममध्ये इथे येऊन मातम करायचे.

मोहरमचा आणि आपला संबंध याहून जवळचा आहे, आणि तो गिरगावला पोचतो. एकोणिसाव्या शतकात मोहरम हा मुंबईचा सगळ्यात मोठा रस्त्यावरचा उत्सव होता. मोहल्ल्यामोहल्ल्याचे ताबूत, वाजवत-गात फिरणाऱ्या टोळ्या, आणि त्यांत हिंदूही नाचत. ११ ऑगस्ट १८९३ला जुम्मा मशिदीजवळ दंगल पेटली आणि शहरभर पसरली. त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुढच्या काही वर्षांत टिळकांच्या प्रेरणेने उत्सव वाढला, हिंदूंनी ताबुतांत जाणं कमी केलं, गणपतीपुढे मेळे आले. गल्लीगल्लीची वर्गणी, वेषभूषा केलेली गाणारी पोरं, शेवटच्या दिवशीची मिरवणूक आणि पाण्यात विसर्जन, हा साचा ताबुतांवरून उचलला असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि तो उसना आहे म्हणून मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. उलट ताबुतांचंच पुढे वाईट झालं. पोलीस कमिशनर एडवर्ड्सने १९१२च्या सुमारास टोळ्यांवर इतके निर्बंध घातले की तो जुना मोहरम मोडला. शियांची शोकमिरवणूक उरली. भेंडी बाजारात एका शेरवानी शिवणाऱ्या कारागिराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग लालबागवाल्यांनी आमची रॉयल्टी द्यायला पाहिजे.” आणि हसत परत मशीनवर वाकला.

अर्थात सगळ्यांना हसू येत नाही. १९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी या दोन्ही बाजूंना आहे. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींत ९०० मृत्यू नोंदवले, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७ गेले. त्या हिवाळ्यानंतर डोंगरीच्या आसपासची हिंदू बिऱ्हाडं उठली, आमच्या बाजूची मुसलमान बिऱ्हाडं मुंब्र्याकडे गेली. आमच्या चाळीतल्या ज्या खोलीत एक मुसलमान शिंपी राहायचा तिथे आता कुरिअरचं गोडाऊन आहे. लॉजच्या म्हाताऱ्याने या विषयावर एकच वाक्य बोलून टीव्हीचा आवाज वाढवला: “उसके बाद लोग पूल के ऊपर से जाने लगे.” पूल दहा वर्षांनी आला, पण त्याच्या बोलण्यातली तारीख दुरुस्त करावीशी मला वाटली नाही.

बोहरी मोहल्ला आता पूर्वीचा राहिलेला नाही. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टच्या पुनर्विकासात साडेसोळा एकर जागेतल्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती जाऊन टॉवर उभे राहत आहेत. टॉवरमध्ये गेलेल्या घरांत लिफ्ट आहे, संडास घरात आहे, आणि खाली ओटा नाही. चाळ पाडून पन्नास मजली इमारत झालेल्या लालबागला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. त्या सगळ्या बांधकामाच्या मधोमध रौदत ताहेरा ही शुभ्र संगमरवरी कबरवास्तू आहे. १९६५ला वारलेल्या सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची. आतल्या भिंतींवर अख्खं कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे.

सकाळी सकाळी बारा हंडीसमोर उभी राहिले. जमिनीत बसवलेल्या मोठ्या हंड्या, रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया, नल्ली, पिचोटा, आणि वाढप्याची पळी या हंडीतून त्या हंडीत फिरते. गिऱ्हाईक सांगेल तसं मिश्रण. बहुतेक ठिकाणी ‘बडे का’ असतं, मी ते खात नाही, तसं सांगितलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. पुढच्या दुकानात मटणाचा खिचडा मिळेल, मागच्या दाराने जा, बायका तिकडे बसतात, एवढं सांगून पळी पुन्हा फिरायला लागली. हाताने सांचा फिरवून केलेलं सीताफळाचं आइस्क्रीम मात्र मी दोनदा खाल्लं, ‘ताज’मध्ये, जे स्वतःला १८८७चं म्हणवतं.

चोर बाजाराबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मटण स्ट्रीटवरच्या जुन्या ग्रामोफोनांतले बरेचसे नवे असतात. दो टाकीला पुन्हा राजाच्या मार्गाला लागले. डंकन रोडच्या एका बाजूला कामाठीपुरा, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची ती १९७२ सालची हद्द. नागपाड्याला संध्याकाळी बास्केटबॉल ऐकू येतो. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा नेबरहूड हाऊस काढलं तेव्हापासून या वस्तीने बास्केटबॉल धरला तो सोडलाच नाही, आणि देशासाठी खेळलेली पोरं मस्तान वायएमसीएच्या कोर्टवरून निघाली. क्लेअर रोडचं नाव आता मिर्झा गालिब मार्ग आहे. इथेच एडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहत होता, आणि जानेवारी १९४८मध्ये तो पाकिस्तानला निघून गेला. पाटी नाही. असती तरी राजाच्या रात्री ती कोणी वाचली नसती.

मदनपुऱ्याला वळले त्याचं कारण सॅक. तिचा खांद्याचा पट्टा भेंडी बाजारातच उसवला होता आणि कोणीतरी सांगितलं की बॅगचं काम मदनपुऱ्यात. ते खरं होतं. तिथे गाळ्यागाळ्यात बॅगा शिवतात. लेडीज पर्स, शाळेची दप्तरं, आणि मॉलमध्ये दिसतात तशा परदेशी नावांच्या सॅकही. माळ्यावर चार-पाच बिहारी पोरं मशीनवर, खाली जमिनीवर रेक्झिनच्या पट्ट्यांचा ढीग. गाळ्याचा मालक सत्तरीपुढचा. मूळ घराणं आझमगढकडचं, आजोबांपासून मदनपुऱ्यात. पट्टा हातात घेऊन त्याने मला कुठून आलात विचारलं. लालबाग म्हटल्यावर थेट मराठीत आला.

“कुठल्या गल्लीत?”

सांगितलं.

“मी तिथंच होतो, गिरणीत. साचा खात्यात.”

साचा खातं म्हणजे विणकाम. मुंबईच्या गिरण्यांत ते मराठ्यांचं आणि मदनपुऱ्याच्या जुलाह्यांचं. पगार त्याच खात्यात चांगला. दलितांना तिथे शिरू देत नसत, कारण सूत तुटलं की धोट्यातून ते तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि त्यात विटाळ मानत. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा उठवला. मराठा आणि मुसलमान मात्र एकाच धोट्याला तोंड लावत होते. संपाच्या सभांत अमर शेख गायचे, तेही बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मी सासऱ्यांकडून ऐकलेले शब्द त्या गाळ्यात मला पुन्हा ऐकू येत होते: जॉबर, बदली, भोंगा, पगाराची चिठ्ठी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि त्यातून कोणी पुन्हा आत गेलं, कोणी गेलंच नाही. मदनपुऱ्यातल्या अनेकांनी भिवंडीला यंत्रमाग टाकले. याच्याकडे तेवढं भांडवल नव्हतं. बॅगा शिवायला घेतल्या.

“घराचा अर्ज भरलाय का तुमच्यात कोणी?” त्याने विचारलं.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत आणि मिळालेली घरं त्या मानाने मूठभर. सासऱ्यांच्या नावाचा अर्ज आमच्याकडे आहे, ते वारले तरी. मी सांगितलं. त्याने मागच्या फळीवरून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात गिरणीचं तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, अर्जाची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स.

“आता शेलूला, वांगणीला देतायत म्हणे. तिकडं कोण जाणार? तुम्ही जाल?”

“नाही.”

“मग तसं लिहून देऊ नका. नकार दिला की नाव जातं म्हणतात. वारस दाखला काढलात?”

काढला नव्हता. त्याने त्यासाठी कोणत्या कचेरीत जायचं, सोबत काय न्यायचं आणि कोणत्या वारी गर्दी कमी असते ते सांगितलं, मी ते वहीत उतरवून घेतलं. तोवर वरच्या पोराने पट्टा दुहेरी शिवून खाली टाकला. चाळीस रुपये झाले. चेनही पुढच्या महिन्यात जाणार, असं म्हणून त्याने ती ओढून दाखवली.